झाकलेलं पाणी

जपानहून परतल्यापासून लातुरात जो भेटतो तो मला बुलेट ट्रेनबद्दल विचारतो. बसले मी त्या गाडीत, नाही म्हणत नाही. पण खिडकीबाहेर डोंगर आला म्हणेपर्यंत बोगदा, आणि बोगदा संपला म्हणेपर्यंत स्टेशन, याहून जास्त मला काही सांगता येत नाही. वेगाचं वर्णन ज्यांना हवंय त्यांनी माझ्या पुतण्याला विचारावं. तो कधी गेलेला नाही, पण मोबाइलवर बघून माझ्यापेक्षा झकास सांगतो. मला सांगायचंय ते एका न्हाणीघराबद्दल.

मी मूळची मुखेड तालुक्यातली, लग्नानंतर लातूरची झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतले आणि निवृत्त झाले. तोवर माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती. जपानला मी काही हौसेनं गेले नाही. आमची अश्विनी नर्सिंग शिकली, मग पुण्यात जपानी भाषा शिकली, आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. इथवर आम्ही चारचौघांत छाती काढून सांगत होतो. मग एके दिवशी ती फोनवर म्हणाली, "आई, मला इथल्याच एका मुलाशी लग्न करायचंय. केंता नाव आहे. आमच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करतो."

परदेशी मुलगा, त्यात आचारी. आमच्या घरात जे व्हायचं ते सगळं झालं. थोरल्या जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. हे बरेच दिवस अंगणात येरझारा घालत राहिले आणि शेवटी मला म्हणाले, "तू जा. डोळ्यानं बघ. घर कसं हाय, माणसं कशी हायत. तू हाव म्हणलीस तर हाव, न्हाई म्हणलीस तर न्हाई." अश्विनीनंही मान्य केलं. म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर मी नाही करणार. पण आधी येऊन राहा, मग बोल."

म्हणजे सगळं ओझं माझ्या डोक्यावर. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, माझं स्टीलचं ताट-वाटी आणि तांब्या, त्यांच्यासाठी बिदरी नक्षीची डबी, आणि मनात, खरं सांगते, 'नाही' बांधून मी विमानात बसले.

गाडीतली शांतता

दिवाळी उरकून निघाले होते. तोक्योला उतरले तेव्हा हवेत आपल्याकडच्या पौषातला गारठा होता. अश्विनी घ्यायला आली होती. वाळलेली वाटली. आईला लेक नेहमीच वाळलेली वाटते, ते सोडून द्या.

डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. डबा भरलेला, पण आवाज नाही. कुणी वाचतंय, कुणी झोपलंय, कुणी डब्यातलं जेवण असं जेवतंय की शेजाऱ्याला वासही येऊ नये. मला वाटलं, पुढच्या डब्यात कुणी वारलं की काय. तेवढ्यात ह्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"पोचलीस का? लई गार हाय म्हनं तिथं?"

"अहो, हळू बोला. इथं गाडीत कुणी बोलत नाही."

"बोलत न्हाईत?" त्यांचा आवाज आणखी चढला. "मंग बसून करतात काय?"

सगळ्या डब्यानं ते ऐकलं. समोरच्या गृहस्थांनी डोळे वर केले आणि जणू चूक त्यांचीच झाली अशा संकोचानं पुन्हा खाली घातले. अश्विनी लालबुंद झाली आणि फोन काढून घेऊन दाराकडे पळाली. मला मात्र ह्यांचा प्रश्न बरोबर वाटला. मुखेडच्या एसटीत बसलं की गाव सुटायच्या आत शेजारणीची तिन्ही बाळंतपणं आपल्याला कळलेली असतात. या न बोलणाऱ्या लोकांत माझी पोर आयुष्यभर बोलणार कुणाशी, ही काळजी मला त्या गाडीतच लागली.

केंताचं घर

गाव डोंगराच्या कुशीत. भाताची कापणी झालेली, शेतं मोकळी पडलेली. घराघरापुढे पानं झडून गेलेली झाडं आणि त्यांना नुसती केशरी फळं लगडलेली. त्या फळाला ते काकी म्हणतात. आपल्या रानातल्या टेंभुर्णीचं थोरलं भावंड म्हणा ना. मला राहवलं नाही. कुंपणाबाहेर आलेलं एक तोडून मी चावलं, आणि जीभ, टाळू, गाल सगळं एका जागी गोळा झालं. थुंकावं तर रस्ता आरशासारखा स्वच्छ. तेवढ्यात केंताची आई दारात आली. त्यांच्याशी माझी पहिली भेट ही अशी, तोंड वाकडं आणि डोळ्यांत पाणी. त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही वाकले, आणि वाकल्या वाकल्या तो घास पदरात घेतला.

त्यांचं नाव योशिको-सान. 'सान' म्हणजे आपलं 'ताई-बाई'. माझ्याच वयाच्या, बुटक्या, काटक, सतत काहीतरी हातात. नवरा शेती बघणारा, अबोल. केंता उंच आणि लाजाळू. अश्विनी नोकरदारांच्या वसतिगृहात राहते, तिथं पाहुण्याला परवानगी नाही, म्हणून योशिको-सानांनीच मला आपल्या घरी ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. अश्विनी सुट्टीच्या दिवशी येणार, एरवी मी आणि त्या, मध्ये भाषा नाही. मोबाइलमध्ये भाषांतर करणारी सोय होती, पण ती माझ्या मराठीचं काय करायची देव जाणे. मी 'चहा पुरे' म्हटलं की त्या आणखी चहा आणायच्या.

घर मात्र मला आवडलं. बुटकं टेबल, त्याच्यावर गोधडी पसरलेली आणि टेबलाच्या खाली शेगडी. पाय आत घालून बसलं की उठूच नये असं वाटतं. जेवणात माझी पंचाईत होणार हे ठरलेलं होतं, कारण इथं साध्या सारातही मासळीचा अर्क असतो. पण केंतानं माझ्यासाठी समुद्रातल्या वनस्पतीचा आणि वाळवलेल्या अळिंब्यांचा वेगळा अर्क काढून ठेवला होता. मी माझ्या ताटात जेवले. तो मान खाली घालून बसला, माझा घास तोंडात जाईपर्यंत जेवला नाही.

संध्याकाळी गावातल्या खांबांवरच्या भोंग्यातून एक गाण्याची धून वाजते. आपल्याकडे भोंगा लागला की नळाला पाणी सुटल्याची नाहीतर घरपट्टी भरायची दवंडी असते. इथं नुसतं पोरांना घरी बोलावण्यासाठी गाणं. त्या धुनेनंतर योशिको-सान मला न्हाणीघरात घेऊन गेल्या. टॉवेल दिला, हातानं 'या, या' केलं, आणि दार लावून गेल्या.

आत बघते तर काय, बसायला छोटा पाट, एक लहानसं घमेलं, नळ. अगदी आपल्या घरासारखं. आणि भिंतीला लागून एक खोल हौद, त्यावर झाकण. झाकण किंचित उचललं तर काठोकाठ भरलेलं गरम पाणी, भपकन वाफ आली. मला फार बरं वाटलं. म्हटलं, जपान जपान म्हणतात, पण हा तर आपला बंब. घरभराचं पाणी एकदाच तापवून झाकून ठेवलंय.

आता वाचणारे लातूरचे असतील तर त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या शहरानं रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं आहे. आमच्याकडे टँकरच्या वेळेवर साखरपुड्याचे मुहूर्त बदललेले आहेत. अशा गावच्या बाईला दुसऱ्याच्या घरच्या भरलेल्या, झाकलेल्या पाण्याला हात लावायचा नाही हे कुणी शिकवावं लागत नाही. मी झाकण होतं तसं ठेवलं, नळाखाली माझा तांब्या धरला, पाटावर बसून काटकसरीनं आंघोळ केली, फरशी पुसून कोरडी केली आणि बाहेर आले. मनात म्हटलं, लातूरची बाई कशी असते ते आज यांना कळलं असेल.

योशिको-सान लगबगीनं आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरलेला वाटला. मला वाटलं, दमल्या असतील.

लिंबं

दुसऱ्या दिवशी झाकण किलकिलं करून पाहिलं तर पाण्यावर पिवळीधमक लिंबं तरंगत होती. आपण गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवतो, तशी इथं लिंबं सोडत असतील असा मी अंदाज केला. वास फार सुंदर होता. मी झाकण अलगद लावलं, म्हणजे वास उडू नये, आणि पुन्हा नळाखाली तांब्या धरला.

त्यानंतर घराला हळूहळू काहीतरी झालं. योशिको-सान पूर्वीइतक्याच वाकून बोलायच्या, चहा पूर्वीपेक्षा जास्त द्यायच्या, पण माझ्या शेजारी टेकायच्या त्या आता टेकेनाशा झाल्या. केंताचे वडील माझ्याकडे बघायचे आणि टीव्हीकडे वळायचे. आपल्याकडे बिनसलं की भांडं आपटतं, दार वाजतं, जाऊबाई तर मांजराला उद्देशून सगळं बोलून घेतात. इथं काहीच वाजेना. आवाज न करता रुसणारी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. ह्यांना फोनवर म्हटलं, "माणसं चांगली आहेत, पण काही कळत नाहीत हो मला."

"मंग आपल्या पोरीला तरी कसं कळावं?" हे म्हणाले. मलाही तेच वाटत होतं.

अश्विनीची सुट्टी

सुट्टीच्या दिवशी अश्विनी आली ती थेट मला घेऊन परसात गेली. डोळे लाल.

"आई, तू ठरवूनच आली होतीस ना?"

"काय ठरवून?"

"नाही म्हणायचं! योशिको-सान मला कामावर फोन करून विचारायल्या, तुझ्या आईला आमच्या घराची किळस वाटते का म्हणून. रोज तुझ्यासाठी पाणी भरतात, रोज ते तसंच राहतंय. खास तुझ्यासाठी झाडावरची लिंबं तोडून टाकली. ताट तू वेगळं आणलंस, ते शाकाहारी म्हणून मी सांभाळून घेतलं. पण पाणी? पाण्याचा पण विटाळ हाय का तुला?"

"अगं, कुठलं पाणी?"

"टबातलं!"

"त्या हौदातलं? ते घरचं पाणी हाय ना गं? झाकून ठिवलेलं. त्याला मी कशाला हात लावू?"

अश्विनी मग पायरीवर मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. "आई, त्यात बसायचं असतं," ती म्हणाली.

मग तिनं रीत समजावली. आधी बाहेर पाटावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, आणि मग नुसतं शेकायला त्या पाण्यात उतरायचं. पाणी मळत नाही, म्हणून सगळं घर एकामागून एक त्याच पाण्यात उतरतं. पहिलं, कडकडीत, कुणी न शिवलेलं पाणी पाहुण्याचं. मग घरचा कर्ता, मग मुलं, आणि शेवटी, पाणी कोमट झाल्यावर, घरातली बाई. ज्या पाहुण्यानं पहिलं पाणी नाकारलं त्यानं घर नाकारलं, असं योशिको-सानांनी धरलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण पाण्याचं माझ्या मनात नव्हतं, पण ताटाचं होतं. अर्क वेगळा काढला होता, वाडगे चकचकीत घासलेले होते, तरी जाऊबाईंचं ऐकून मी माझंच ताट पुढे करत होते. त्या बाईंचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

मी अश्विनीला म्हटलं, चल, तू सांग त्यांना. आणि टेबलाशी बसून मी आमच्या गावाचं सगळं पाणी सांगितलं. टँकर, पिंपं, रेल्वे, कपड्यांचं पाणी झाडांना आणि भाजी धुतलेलं पाणी फरशीला. अश्विनी भाषांतर करत होती. योशिको-सान तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या उठल्या, माझं मनगट धरलं आणि मला न्हाणीघराच्या मागे घेऊन गेल्या. तिथं कपडे धुवायचं मशीन होतं. त्याच्या बाजूला गुंडाळलेली एक नळी त्यांनी सोडवली, एक टोक टबात टाकलं, दुसरं मशीनमध्ये.

"सगळ्यांचं झालं की उरलेलं पाणी कपड्यांना," अश्विनी म्हणाली. "रोज."

एवढ्या पावसाच्या, एवढ्या ओढ्यांच्या देशात ती नळी बघून माझे डोळे भरून आले. योशिको-सानांचेही आले. त्या मला वाकून नमस्कार करत होत्या, मी त्यांना हात जोडत होते, आणि मशीनपुढे आम्ही दोन म्हाताऱ्या बराच वेळ एकमेकींना थांबवू शकत नव्हतो.

त्या संध्याकाळी मी उतरले. इतकं पाणी गळ्याशी यायची ही लहानपणच्या विहिरीनंतरची पहिलीच वेळ. पण मी बसले मात्र, काठोकाठ भरलेलं पाणी चहूबाजूंनी भदाभदा सांडायला लागलं. "अगं बाई, अगं पाणी चाललं!" म्हणून मी ओरडले आणि तांब्या घेऊन वाहून जाणारं पाणी धरायला लागले. जितकं वाकावं तितकं जास्त सांडायचं. दाराबाहेर अश्विनी लोळत हसत होती आणि योशिको-सानांना काय झालं ते सांगत होती. मग त्याही हसल्या, आणि शेवटी तो अबोल गृहस्थही हसल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी तांब्या खाली ठेवला आणि मान मागे टेकली. लिंबाच्या वासात निवृत्तीनंतर पहिल्यांदा माझे गुडघे दुखायचे थांबले.

काकी सोलताना

त्यानंतरचे दिवस भुर्रकन गेले. ती तुरट फळं सोलायची, देठाला दोरी बांधायची, उकळत्या पाण्यात बुडवून काढायची आणि पागोळीखाली टांगायची. वाऱ्यानं वाळली की खारकेहून गोड होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका कुरडया घालायला जमतात, तशा तिथं शेजारणी जमल्या, आणि मला दिसलं की ही माणसं बोलतात, चांगली खदखदून बोलतात, फक्त गाडीत बोलत नाहीत. मी भाकरी थापून दाखवली. केंताच्या वडिलांना माझ्या ताटात भाकरी-चटणी वाढली आणि मी त्यांच्या वाडग्यातून सार प्याले. चटणीनं त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

सोलता सोलता मी पोटातलं विचारून घेतलं. "हिला इथं बरं नसलं तर बघणार कोण, ते विचार त्यांना."

अश्विनी घुटमळली. मग तिनं विचारलं. योशिको-सान बोलायला लागल्या आणि अश्विनी भाषांतर करेना.

"काय म्हणायल्या?"

"म्हणतात, मागच्या थंडीत मला ताप होता तेव्हा मी इथंच होते. तू झोपतेस त्याच खोलीत. त्या रात्रंदिवस बसून होत्या."

"ताप? आणि मला सांगितली न्हाईस?"

"सांगून काय केली असतीस? तिथं बसून रडली असतीस."

मला रागही आला आणि हेवाही वाटला. माझ्या पोरीच्या कपाळावर पट्ट्या दुसऱ्याच बाईनं ठेवल्या, आणि मी तेव्हा लातुरात मटार सोलत असेन. योशिको-सान हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या, आपलं काही चुकलं का, अशा. त्यांच्या हातातलं काकी घेऊन मी सोलायला लागले.

शेवटची संध्याकाळ

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांचा फोन आला. "मंग, काय ठरवलीस?" मी म्हटलं, उद्या सांगते. अश्विनी समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. केंता स्वयंपाकघरात एकच भांडं कितीतरी वेळ पुसत होता. ज्यांना उत्तर हवं होतं त्यांतलं कुणीच विचारत नव्हतं.

भोंग्यावर गाण्याची धून वाजली. योशिको-सानांनी टॉवेल आणला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, वाकल्या.

मी टॉवेल घेतला नाही. गोधडीतले पाय काढले नाहीत. म्हटलं, "आधी तुम्ही सगळे जा. आज मी शेवटी."

अश्विनीनं हे भाषांतर केलं नाही. "आई," ती हळूच म्हणाली, "पाहुण्यानं आधी जायचं असतं."

"मला म्हाईत हाय."

तिचा चेहरा मी कसा सांगू. लहानपणी निकालाच्या दिवशी शाळेतून पळत यायची ना, तसा. तिनं वळून योशिको-सानांना काय सांगितलं मला कळलं नाही, आणि त्यांनी ते पुरतं ऐकलंही नसावं, कारण टॉवेल छातीशी धरून त्या खाली बसल्या होत्या. स्वयंपाकघरातलं भांडं वाजलं. त्या घरात मी ऐकलेलं ते पहिलं आणि एकमेव आपटलेलं भांडं.

मग आधी केंताचे वडील गेले, मग केंता, मग अश्विनी. शेवटी उरलो आम्ही दोघी, आणि शेवटचं पाणी कुणाचं यावरून आमची चांगलीच जुंपली, त्या जपानीत आणि मी मराठीत. मी जिंकले. माझी पाळी आली तेव्हा पाणी कोमट झालं होतं आणि काठापासून बरंच खाली गेलं होतं. बसले तर थेंबही सांडला नाही.

आंघोळ झाली, पण झाकण ठेवलं नाही. नळी सोडवली, एक टोक पाण्यात टाकलं, दुसरं मशीनमध्ये. बटणं सगळी जपानीत. कुठलं दाबायचं ते कळेना, म्हणून मी दार उघडून सगळ्या घराला ऐकू जाईल अशी लातुरी हाक मारली, "विहीणबाई, ओ विहीणबाई, जरा इकडं या."